झोपलात का?

दुपारी जेवून डाव्या कुशीवर लवंडलेल्या माणसाला हलवून “झोपलात का?” असं विचारणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. फोनमधली मेलची दर पंधरा मिनिटांची तपासणी मला त्याच घराण्यातली वाटते. दिवसाला ९६ वेळा सर्व्हरला एकच प्रश्न, काही आलंय का? बहुतेक वेळा उत्तर, नाही.

नुसतं विचारायला काय जातं? बरंच जातं. चार ओळींचा मेल उतरवून घ्यायला बॅटरी फारशी लागत नाही, पण त्यासाठी फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, उठवावा लागतो. आणि तो एकदा उठला की काम संपलं तरी लगेच आडवा होत नाही. आणखी काही येईल म्हणून काही सेकंद जागाच राहतो. त्यात घाटातली अर्धमेली रेंज असेल, तर टॉवर गाठायला जोरही जास्त लावावा लागतो.

मेल आणायची दुसरी तऱ्हा म्हणजे ‘पुश’. तीत फोन विचारत बसत नाही. जोडणी उघडी ठेवतो आणि मेल आला की सर्व्हरच कळवतो. १९९९ पासून ब्लॅकबेरीने साहेबलोकांना हीच चटक लावली. त्याच्याही आधी, १९९७ साली, आयमॅपमध्ये, म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचायच्या ठरलेल्या पद्धतीत, ‘आयडल’ नावाची सोय आली होती. तिचा एक नियम मला फार आवडतो: फोनने निदान दर २९ मिनिटांनी आपली हजेरी लावावी. एकोणतीसच का, तर अर्धा तास गप्प बसणाऱ्याला सर्व्हर बाहेर काढू शकतो! मोबाइल नेटवर्कला मात्र एवढाही धीर नसतो, त्यामुळे हजेरी बरेचदा आधीच लावावी लागते.

म्हणून पुश नेहमीच स्वस्त, असं मात्र नाही. दिवसाला दोन-तीन मेल येणाऱ्याला ते परवडतं. ज्याच्या ऑफिसात एका सूचनेवर चाळीस जण सगळ्यांना ‘नोटेड सर’ पाठवतात, त्याचा फोन प्रत्येक ‘नोटेड’ला दचकून उठणार. त्याने तासातून एकदा सगळं एकगठ्ठा आणावं. ॲन्ड्रॉइडलाही २०१५ मध्ये, सहाव्या आवृत्तीत, हे शहाणपण आलं: स्क्रीन बंद, फोन टेबलावर निपचित, की ॲप्सची किरकोळ कामं साठवून एकदमच उरकायची.

माझं ऑफिसचं खातं तासावर आहे, घरचं पुशवर. सेलच्या जाहिराती येतात ते तिसरं ‘मॅन्युअल’वर टाकलंय. मी उघडलं तरच ते जागं होतं, आणि मी उघडत नाही.