वाढीचे वय दोघांचेही असते

आमच्या नौपाड्यातल्या घरी पंधरा वर्षांच्या मुलाने चौथी पोळी मागितली की सासूबाई "वाढीचं वय आहे, खाऊ दे" म्हणून वर तूपही वाढतात. तेरा वर्षांच्या मुलीने तिसरी घेतली की त्याच मायेने "बेताने गं" म्हणतात. मीही कित्येक दिवस हे ऐकून गप्प बसत होते, हे कबूल करायला हवे.

पावसाळ्यानंतर मुलीला जिना चढताना धाप लागू लागली, शाळेतून आल्यावर ती गणवेशातच झोपू लागली, आणि आम्ही सगळे खापर मोबाईलवर फोडून मोकळे झालो. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १०.२ निघाले, या वयात ते किमान १२ असायला हवे. त्याच आठवड्यात तिच्या कंपासपेटीत शाळेतून दर आठवड्याला मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या निळ्या गोळ्या सापडल्या, तब्बल अकरा. रिकाम्या पोटी मळमळते म्हणून तिने त्या जपून ठेवल्या होत्या. जेवणानंतर घेतल्यास हा त्रास कमी होतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते, आईनेही नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला २२ मिलिग्रॅम लोह लागते, तर मुलीला ३०. वाढत्या शरीराबरोबर रक्त दोघांचेही वाढते, पण मुलीचे दर महिन्याला पाळीत जातेही. कॅल्शियम दोघांनाही १००० मिलिग्रॅम हवे, आणि प्रथिनांत जेमतेम दोन ग्रॅमचा फरक आहे. उष्मांक मात्र मुलाला २८६०, तर मुलीला २४००. म्हणजे मुलीला कमी अन्नातून जास्त लोह मिळवायचे असते, आणि आपण नेमका तिचाच घास मोजतो.

आमच्याकडे खरा घोळ चहाचा होता. दुपारी उशिरा जेवण, लगेच चहा आणि मग गोखले रोडवरचा क्लास, असा तिचा क्रम होता. चहातल्या टॅनिनमुळे डाळी-भाज्यांतले लोह शरीरात नीट शोषले जात नाही, त्यामुळे मटकीची उसळ मी कितीही निगुतीने केली तरी तिचा पुरेसा उपयोग होत नव्हता. आता चहा जेवणानंतर तासाभराने मिळतो आणि उसळीवर लिंबू पिळले जाते, कारण क जीवनसत्त्वाने हेच शोषण वाढते. माळ्यावरची लोखंडी कढई खाली आली. जांभळी नाक्याच्या मंडईतून लाल माठ येतो, आणि क्लासला जाताना डब्यात खारीऐवजी नाचणीची थालीपिठे असतात. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अर्थातच चालू आहेत, कारण एवढी तूट नुसत्या आहाराने लवकर भरून निघत नाही.

लाल रंगामुळे रक्तवर्धक ठरलेल्या बिटात लोह फारसे नसते, हे मी सासूबाईंना दोनदा समजावले. त्यांना ते पटलेले नाही. कोशिंबीर रोज बिटाचीच होते, पण परवा तिसरी पोळी नातीच्या पानात त्यांनी स्वतःहून वाढली.