नव्वद की ऐंशी

मंगळवार, रात्र

आठची फिट्सवरची गोळी, लेव्हेटिरासिटाम, पावणेनऊला घेतली. ह्यांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं, तरी मी केवढ्यांदा ओरडले. या गोळीने चिडचिड वाढते हे माहीत आहे. पण ओरडणारी गोळी की मी, हे अजून उमगत नाही.

आज तपासणी होती. ऑपरेशनला दोन वर्षं झाली, एमआरआय स्वच्छ. मेनिन्जिओमा, ग्रेड 1, म्हणजे सर्वांत सौम्य. गाठ मेंदूची नव्हे, त्याच्यावरच्या आवरणाची, म्हणून जो तो म्हणतो, "साधीच होती, सुटलीस." कवटी उघडून काढलेल्या वस्तूला साधी म्हणणारी माणसं मला हल्ली नकोशी होतात.

फाइलवर डॉक्टरांनी लिहिलं, कार्नोफ्स्की 90. कॅन्सरवरची केमोथेरपी नुकती सुरू होत होती, त्या 1940 च्या दशकातली, पेशंट रोजचं कितपत करू शकतो ते मापणारी ही मोजपट्टी. 100 म्हणजे ठणठणीत, 0 म्हणजे मृत्यू, मधे दहा-दहाच्या पायऱ्या. 90 म्हणजे रोजचे व्यवहार होतात, लक्षणं किरकोळ. 80 म्हणजे तेच व्यवहार होतात, पण कष्टाने. आता हे कष्ट डॉक्टरांना दिसणार कसे? मी साडी नीट नेसून, स्वतःच्या पायांनी आत गेले. डोळे मिटून बोटाने नाक बरोबर शिवलं. शंभरातून सात-सात वजा करत 93, 86, 79, 72, 65 म्हणून दाखवलं. (रिक्षात पाठ केलं होतं. सांगितलं नाही.)

येताना मंडईत उतरले. कोथिंबीर, आलं, लिंबं झाली आणि पुढचा शब्दच गेला. भाजी समोर दिसतेय, चव जिभेवर आहे, डाळ घालून आई कशी करायची तेही आठवतंय, नाव मात्र नाही. बहुतेकांच्या बोलण्याचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला चालतो. माझी गाठ तिथेच टेकून बसली होती. मागे रांग, शेजारी कांदेवाल्याची आरोळी, कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. शेवटी म्हणाले, "ते, सापासारखं." भाजीवाली हसली नाही. "पडवळ होय? कवळं हाय, घ्या ताई." सुटे पैसेही तिनेच माझ्या तळहातावरून मोजून घेतले.

घरी येऊन दोन तास झोपले. थकवा म्हणावा तर तसा नाही, दिव्याचं बटण कुणीतरी बंद करावं तसं होतं.

पूर्वी मी खांद्यावर फोन, तव्यावर पोळी आणि लेकीला पाढे, असं एकाच वेळी चालवायची. आता फोडणी करताना रेडिओही बंद लागतो. कुकर लावला की शिट्ट्या फळ्यावर खडूने मांडते. डाव्या कानाच्या वर कंगवा फिरवला तर दुसऱ्याच कुणाचे केस विंचरतेय असं वाटतं, तिथली कातडी अजून बधिरच आहे. पण हे कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

पडवळ तसंच पडलंय. सकाळी चिरीन. एकच शेगडी पेटवून.