आठव्या वचनाशी

ईस्टरच्या पहाटे पाळकसाहेबांनी बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय वाचायला घेतला आणि आठव्या वचनाशी थांबून शास्त्र मिटलं. बाया येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळाल्या, थरथर कापत होत्या, भ्याल्या होत्या म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत. बस्स. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क इथेच संपतो, हे ऐकून होते. पण आमच्याकडे दरवर्षी पुढचं वाचतात, सगळ्या जगात जाऊन सुवार्ता सांगा, तिथपर्यंत. यंदा थेट गाणंच सुरू झालं, आणि त्या बाया काही माझ्या डोक्यातून जाईनात.

त्यात सोमवारी गच्चीवर शेजारच्या काकूंनी विचारलं. ज्वारीचा घाटा अजून वाफाळत होता, मी ओल्या फडक्यावर बिबडी थापत होते. धुळ्याचं ऊन, सकाळीच फरशी पोळत होती. "तुमना देव मरीसन उठना म्हणतस, खरं शे का व?"

काकूंचा थोरला मुलगा गेल्याला वर्षसुद्धा झालं नाही.

"हो काकू, खरं आहे," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, बिबडीची जाड राहिलेली कड बोटांनी दाबून पातळ केली. पुढचं माझ्या तोंडातून निघेना.

भीती कसली? काकू रागावतील, ही नाही. पोर गेलेल्या बाईसमोर "तो उठला" म्हणायचं, आणि तिने लगेच "मग माझा?" म्हणायचं, ही. शिवाय बाहेरचंही आहेच. हल्ली शेजारीपाजारी येशूचं नाव काढलं की... जाऊ दे.

आजोबा नवापूरकडच्या पाड्यांवर पायी हिंडायचे, तिथल्या मावची बोलीत येशूबद्दल सांगायचे, लोक अंगणात बसून ऐकायचे. माझ्या वाट्याला बंद दारं आली, आणि सोबतीला कोणी नाही. काल रात्री हेच घोळवत बसले, रडूही आलं. मग आजीचं आठवलं. एका गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. म्हणजे त्यांनाही कुठे सोपं गेलं होतं. भीत भीतच गेले असतील दोघं.

बायाही शेवटी बोलल्याच. लूक लिहितो, प्रेषितांना ती बडबड वाटली, विश्वास बसेना. प्रेषित पौल तर वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांतच करिंथकरांना पत्रातून कळवतो की उठलेला ख्रिस्त पाचशेहून अधिक बांधवांना एकाच वेळी दिसला आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट, हेही त्याच अध्यायात. मी त्यावरच उभी आहे. भीती मात्र गेलेली नाही, आणि ती जाईपर्यंत थांबायचं म्हटलं तर या जन्मात बोलणं होणार नाही. भ्यालेल्या बायांकडूनच तर ही बातमी निघाली.

उद्या सांडगे घालायला काकूंनी बोलावलंय. पत्रक वगैरे नेणार नाही. योहानातलं सांगेन: मग्दालीया मरीया कबरेपाशी रडत उभी होती, येशूलाच माळी समजली, आणि त्याने "मरीये" म्हटल्यावर तिला कळलं. काकूंनी थोरल्याचं विचारलं तर माझ्याकडे तयार उत्तर नाही. त्याच्याबद्दल बोलत बसायला मात्र दुपारभर वेळ आहे, आणि त्याचं नाव मीच आधी काढणार आहे.