हलगीनंतर तानपुरा

सांगलीत कृष्णेच्या घाटावर ऐन थंडीत एक मोफत जलसा झाला, त्याचा साउंड माझ्याकडं होता. तिकीट नाही, पास नाही. पायऱ्यांवर जागा मिळेल तिथं बसायचं. कलाकार सगळे जिल्ह्यातलेच. भजनी मंडळ, शाहीर, मिरजेचे एक गवई, कव्वालीची पार्टी, कॉलेजच्या पोरांचा बँड आणि जतकडचं गजी ढोल मंडळ. (मोफत म्हणजे ऐकणाऱ्याला. जनरेटरचं डिझेल कुणी मोफत देत नाही.)

कार्यक्रमपत्रिकेतला क्रम मानापानानं लावलेला. साउंडवाल्याला विचारून क्रम लावायची पद्धत आपल्याकडं नाही. पाहुण्यांच्या स्वागताला हलगी, घुमकं, कैताळ असा वाद्यांचा कडकडाट; आणि त्याच्या पाठोपाठ थेट शास्त्रीय गायन. मी संयोजकांना म्हटलं, "दादा, हलगी ऐकून कान बधिर झाल्यावर तानपुरा कुणाला ऐकू येणार?"

"मग आवाज वाढवा की."

हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात वाईट. तानपुऱ्याचा माईक फार उघडला की आधी शिट्टी येते, मग शिव्या.

सूर्य कलला तशी नदीवरून ओल चढायला लागली. हलगीचं कातडं सैल पडलं, कडकड जाऊन नुसतं धप्प धप्प वाजू लागलं. हलगीवाल्यांनी स्टेजच्या मागं उसाचं पाचट पेटवलं आणि जाळावर हलग्या फिरवायला सुरुवात केली. डेकोरेशनवाला पडद्याच्या काळजीनं बादली घेऊन उभा. तिकडं गवईबुवा वैतागलेले, कारण थंडीनं तारा आखडून तानपुऱ्याचा सूर वर चढत होता. त्याच हवेत कातडं उतरत होतं आणि तार चढत होती. दोघंही आपापल्या परीनं एकच काम करत होते, वाद्य जागेवर आणायचं.

हलगीसमोर मी स्टँड लावला, तर म्हाताऱ्या हलगीवाल्यानं तो उचलून बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ द्या मालक, तुमचा भोंगा फुटंल." वाजल्यावर कळलं, माईक खरंच नको होता. दगडी पायऱ्यांवरून आवाज असा फिरला की सांगलीवाडीपर्यंत गेला असणार.

पुढची पाच-दहा मिनिटं माझ्या दृष्टीनं कार्यक्रमातली सगळ्यात अवघड. निवेदिकेला आधीच सांगून ठेवलं होतं, ताई, हलगी थांबली की घाई करू नका, हळू आवाजात वाद्याची माहिती सांगा. ती बोलू लागली आणि मी मेन फेडर, म्हणजे सगळा आवाज कमी-जास्त करायची पट्टी, हळूहळू खाली ओढत गेलो. मागची मंडळी "आवाज, आवाज" ओरडली. मी मान वर केली नाही. मग लोकच एकमेकांना गप्प करायला लागले. भडंगाच्या पुड्यांची कुरकुर थांबली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, असं काहीबाही ती सांगत होती, तेवढ्यात तिच्या आवाजाखालून तानपुरा सुरू झाला. माईक घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, जरा खाली, वीतभर अंतरावर. पार वरच्या पायरीपर्यंत स्पष्ट.

एक कार्यकर्ता धावत आला. "अहो, मशीन गूं गूं करतंय!"

"मशीन नाही, जवारी आहे ती," शेजारी बसलेले एक वाद्य कारागीर म्हणाले. घोडी आणि तारेच्या मध्ये सुताचा दोरा सरकवून तो गुंजारव आणतात, हे त्यांनी पोराला तिथंच समजावलं. तो पटल्यासारखी मान हलवून गेला आणि आणखी एकाला घेऊन आला.

खरी घूं नंतर आली, बँडच्या गिटारबरोबर. पोरांनी अँप डेकोरेशनच्या लाईटच्या बोर्डात लावला होता. माझ्या बोर्डावर घेतला, बंद झाली. कव्वाली उत्तम झाली, बँड ठीक. शाहिरांना माईक हातात धरायची सवय, तो त्यांनी छातीला टेकवून पोवाडा म्हटला. तक्रार नाही.

गजीवाले मात्र स्टेजवर मावेनात. वीसेक माणसं, पांढरी धोतरं, हातात रंगीत रुमाल, गोलात नाचायचं. फळ्यांवर तो गोल बसणारच नव्हता. ते खाली वाळवंटात उतरले, लोक पायऱ्या सोडून त्यांच्याभोवती उभे राहिले. मी सगळे चॅनेल बंद केले आणि खुर्चीवर उभा राहून बघितलं. परवानगी रात्री दहापर्यंतच. हवालदार घड्याळ बघत मिक्सरजवळ येऊन थांबले. म्होरक्यानं रुमाल वर केला आणि ढोल एका थापेवर थांबले. दहाला चार मिनिटं बाकी.

वायरी गुंडाळताना संयोजक आले. म्हणाले, पुढच्या वर्षी मोठा साउंड लावू. मी म्हटलं, उलट दोन टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, कमी करा आणि ते पैसे गजीवाल्यांच्या टेम्पोला द्या.

"तुमचं भाडं कमी होईल की."

"होऊ दे. गुंडाळायला वायरी तरी कमी येतील."