मळीचा वास येतोय

रविवार, रात्री साडेअकरा

गच्चीवरून आत्ताच खाली आलोय. तोंडात अजून ती चव आहे, म्हणून दात न घासताच लिहायला बसलो.

भाचा शिकागोहून येताना मोज्यांत गुंडाळून एक बाटली घेऊन आला होता. "मामा, ही बिअर आहे, पण बिअरसारखी ढोसू नका," एवढं बजावून तो पुण्याला पळाला. तिकडच्या कुठल्याशा छोट्या ब्रुअरीची इम्पिरियल स्टाउट, म्हणजे दाट, काळी, कडक बिअर. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन मक्याच्या व्हिस्कीच्या, पिंपात वर्षभर मुरवलेली, १३ टक्के अल्कोहोल. आपल्याकडची स्ट्राँग म्हणजे डोक्यावरून पाणी, ८ टक्के. मी काय केलं, तर बाटली फ्रीजरमध्ये टाकली. बिअर दातांना कळ लागेल इतकी गार पाहिजे, हे आमच्या सांगलीत शिकवावं लागत नाही.

नऊच्या सुमारास दाजी आले. ओतताना खळखळ अशी नाहीच. फेस आला तो दुधाच्या चहाच्या रंगाचा, जेमतेम बोटभर, आणि बघता बघता काठाला चिकटून विरला. पेला ट्यूबलाइटसमोर धरला, तर कडेलासुद्धा उजेड नाही. पहिला घोट घेतला: गार आणि कडू. बाकी काही नाही. एवढ्या लांबून हे आणलं होय, असं मनात आलंच.

दाजींनी पेला नाकाला लावला. "लेका, ह्याला मळीचा वास येतोय."

गाळप जोरात आहे, वारं तिकडून आलं की गच्चीवर कारखान्याचा वास येतोच. मला वाटलं तोच असेल. पेल्यात नाक घातलं. नाही, वास आतूनच येत होता.

मग पेले तसेच राहिले. उसाचा दर, ताईचे गुडघे, प्लॉटचा वाद असं सगळं बोलून झालं. तासाभरानं उचलला तर तो पेलाच वेगळा! मळी कुठल्या कुठे, आता काकवी. तीही बाटलीतली नव्हे. गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला चिकटून जरा करपते ना, उलथन्यानं खरवडून पोरांच्या हातावर ठेवतात, ती. तिच्यामागून बेदाणा, तोही हिरवा-पिवळा नाही, निवडताना बाजूला पडतो तो काळा. आणि अगदी शेवटी सुकं खोबरं आणि व्हॅनिला. भाच्याला फोन केला, तर हसला. म्हणे, ही बारा-तेरा डिग्रीला प्यायची असते, गारव्यात ती तोंडच उघडत नाही.

खोबरं आणि व्हॅनिला कुणी घातलेलं नसतं, ते लाकडातून येतं. अमेरिकेत कायदाच आहे की बर्बन नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिंपातच ठेवायची. एकदा वापरलेलं, दोनशे लिटरचं धडधाकट पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. मग ते स्टाउटवाले उचलतात. शिकागोच्याच गूज आयलंडनं १९९०च्या दशकात हा उद्योग गाजवला. कडवटपणा मात्र हॉप्सइतकाच, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांइतकाच, भाजलेल्या धान्याचा. १८१७ साली डॅनिएल व्हीलरनं लंडनमध्ये माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कॉफीसारखं भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हा मिट्ट काळा रंग सोपा झाला.

'इम्पिरियल' हे नाव रशियाच्या दरबारामुळे. जोसेफ फॅरिंग्टन या इंग्रज चित्रकारानं १७९६च्या ऑगस्टमध्ये आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय, की लंडनच्या थ्रेलच्या भट्टीतली पोर्टर, म्हणजे स्टाउटच्या कुळातलीच काळी बिअर, प्यालो, ती रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास केलेली आणि सात वर्षं टिकणारी आहे, असं यजमान म्हणाले. वाटेत समुद्रात गोठू नये म्हणून कडक करायचे, असंही सांगतात. मला ते पटत नाही. तिथल्या लोकांना कडकच आवडत असणार.

सात वर्षं टिकेल, यावरून अण्णा आठवले. अण्णा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. मी चौथीत असताना सांगलीजवळच्या हरिपूरला पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, उघडायचं होतं, तेव्हा मला सायकलवर पुढं बसवून घेऊन गेले. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा आत जाईल. दगड-माती काढली आणि सगळे बांधाला जाऊन विड्या ओढत बसले. मी विचारलं, आता काय? अण्णा म्हणाले, "आतली हवा जाऊ दे. लगेच उतरला तर माणूस वर येत नाही." मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला. मी वाकून बघत होतो, अण्णांनी मागून चड्डीचा पट्टा धरलेला. कंदील तळाशी जाऊनही विझला नाही, तेव्हा हमाल उतरला. वर जो वास आला तो हळदीचा होता आणि नव्हताही. शेणानं सारवलेली भिंत, पाला, माती, आणि कित्येक महिने बंद असलेला काळोख. २००५च्या पुरात तिथल्या पेवांमध्ये पाणी शिरलं, ती खचली. तो वास पुन्हा कुठं मिळाला नाही.

आज पेल्याच्या बुडाशी थोडासा होता. हळदीचा नव्हे, त्या बंद काळोखाचा. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "तुला चढली."

बरोबर भडंग घेतलं होतं, ते साफ चुकलं. लसूण आणि तिखटावर एवढं अल्कोहोल पडलं की जीभ नुसती पेटते. ताईनं खीर करायला ठेवलेल्या डब्यातले मूठभर बेदाणे चोरले, ते मात्र जमले. दाजी, जे तासापूर्वी मळी मळी म्हणत होते, ते पेल्यात बेदाणे बुडवून खात बसले.

तळाला चार घोट उरलेत, बूच लावून ठेवलंय. मी म्हटलं, उद्या हिच्यात दम राहणार नाही, संपवून टाकू. दाजी नको म्हणाले. सकाळी परत येतो म्हणाले.

"सकाळी पिणार?"

"पिणार नाही रे. वास घेऊन जाईन."