तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी शिडाची बोट विकण्याआधी तिच्यावर किती खर्च करावा?

जुनी शिडाची बोट विकायला काढणारी माणसं हा प्रश्न मला हटकून विचारतात. रंग काढावा का, नवी शिडं शिवून घ्यावीत का, इंजिन उतरवून पूर्ण खोलावं का? माझं उत्तर ठरलेलं आहे. बोट देखणी दिसावी म्हणून फार थोडा खर्च करा, घेणाऱ्याची भीती जावी म्हणून मात्र हात आखडू नका. तीस-चाळीस वर्षांच्या बोटीवर पाय ठेवणाऱ्याच्या मनात एकच विचार घोळत असतो: हिच्यात काय दडलंय? जे त्याला दिसत नाही त्याचा आकडा तो मनानेच लावतो, आणि तो आकडा खऱ्या दुरुस्तीपेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो.

सगळ्यात मोठी भीती पाण्याची. समुद्राच्या नाही, डेकमधून आत झिरपणाऱ्या पाण्याची. फायबरग्लासला गंज चढत नाही आणि तो कुजतही नाही, म्हणूनच १९७०-८० च्या दशकांतल्या इतक्या बोटी आजही पाण्यावर आहेत. पण त्यांतल्या बहुतेकींचा डेक भरीव नसतो. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड भरलेलं असतं. रेलिंगचे खांब, विंच (दोर गुंडाळून ताणायचं यंत्र), खिडक्या, शिडाचे दोर खेचणाऱ्या पुल्या, या सगळ्यांचे बोल्ट त्या लाकडातून आरपार जातात. बोल्टभोवतीचं सीलंट कडक होऊन तडकलं की पाणी आत शिरतं आणि लाकूड वर्षानुवर्षं भिजत राहतं. सर्व्हेअर, म्हणजे ग्राहकाच्या वतीने बोट तपासणारा जाणकार, छोट्या हातोडीने डेकवर ठोकत जातो ते त्यासाठीच. कोरडी जागा टणक, स्वच्छ वाजते. आतून सुटलेली किंवा कुजलेली जागा बद्द वाजते. हे तुम्ही स्वतः आधी करा. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. भिजलेलं क्षेत्र छोटं असेल तर ते मोकळं करून, वाळवून, इपॉक्सी भरून घ्या. आणि डाग नसले तरी डेकवरचे बोल्ट एकेक काढून नव्या सीलंटने बसवा. काम कंटाळवाणं आहे, त्याला पैसे मात्र फार लागत नाहीत. नंतर पावसाळी दिवशी केबिनमध्ये बसलेल्या ग्राहकाला छतावर एकही ओघळ दिसत नाही, तेव्हा मग डेकबद्दल त्याच्याशी वेगळं बोलावं लागत नाही.

चेनप्लेटकडे मी याहूनही बारकाईने बघतो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्या चेनप्लेट. स्टेनलेस स्टील चकचकीत राहतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. पृष्ठभागावर त्याचा पातळ संरक्षक थर तयार होतो. पण पट्टी डेकमधून खाली जाते तेवढ्या भागात पाणी साचून राहिलं आणि हवा पोचली नाही, तर तो थर टिकत नाही आणि गंज आतल्या आत पोखरत जातो. वरून आरशासारखी दिसणारी पट्टी मध्येच तुटू शकते, आणि मग डोलकाठीच कोसळते. म्हणून निदान एक-दोन पट्ट्या काढा, त्यांचे स्पष्ट फोटो घ्या, जाहिरातीत टाका. खराब निघाल्या तर बदला.

तारांचं थोडक्यात सांगतो. त्या बसवून दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर अनेक ठिकाणी विमा कंपनी नव्या मालकाला त्यावरून अडवते. विमा मिळत नाही म्हणजे बर्थ, म्हणजे धक्क्यावर बोट बांधायची भाड्याची जागा, मिळत नाही, आणि बर्थ नाही म्हणजे सौदा नाही. नव्या तारांचे सगळे पैसे किमतीत वसूल होत नाहीत हे खरं, पण विकली जाऊ शकणारी बोट आणि नुसती पडून राहिलेली बोट यांतला फरक कित्येकदा तेवढाच असतो. बदलायच्या नसतील तर त्यांचं वय सरळ सांगून किंमत त्या हिशोबाने लावा.

आता वास. याबद्दल लोक बोलत नाहीत, पण केबिनचा दरवाजा उघडल्याबरोबर निम्मा निर्णय होऊन जातो. डिझेल, बुरशी आणि शौचालयाचे पाइप, हे तीन वास मिळून चांगल्या बोटींची माती करतात. सुगंधी फवारा मारू नका, त्याने संशय वाढतो. बिल्ज, म्हणजे तळातली सगळं पाणी जमणारी खोल जागा, साबणाने घासून पूर्ण कोरडी करा. गाद्यांचे अभ्रे धुवा, कप्पे रिकामे करून उघडे ठेवा. शौचालयाच्या पाइपवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवा आणि मग त्या फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास लागला असेल तर पाइप मुरलेला आहे, तो धुऊन सुधारत नाही. नवीन टाका.

इंजिनही घासून स्वच्छ करा, पण त्यावर ताजा रंग मारू नका. स्वच्छ इंजिनाखाली पांढरा शोषक कागद अंथरून ठेवला की तेलाचा थेंब पडतो की नाही ते ग्राहकाला स्वतः दिसतं. ग्राहक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवायची युक्ती कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. ती ऐकू नका. जाणता माणूस आल्या आल्या इंजिनावर हात ठेवतो, आणि ते कोमट लागलं की पुढचं तुमचं बोलणं तो अर्ध्या विश्वासाने ऐकतो. थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू होऊ द्या. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे इंजिनावर ताण आहे किंवा हवा कमी पडतेय. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ दिसून गेला तर चिंतेचं कारण नाही, टिकून राहिला तर कारण शोधायला हवं. हे सगळं त्याच्या आधी तुम्हाला माहीत हवं. तेल, फिल्टर आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं पातं) कधी बदलला याची वही असेल, तर माझ्या मते तिची किंमत नव्या चार्टप्लॉटरपेक्षा (नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या पडद्यापेक्षा) जास्त आहे.

तळातले सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या तोट्या, हेही सगळे हाताने उघडून-मिटून बघा. साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यांतलं जस्त झिजून जातं, धातू गुलाबीसर दिसू लागतो आणि ठिसूळ होतो. असा सीकॉक दिसला की किमतीचा विचार न करता बदला. तो तुटला तर बोट बुडते, मग तिचा मालक तुम्ही असा की दुसरा कुणी.

न करायची कामं सांगायला मला दोन ओळी पुरतात. नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणं, नव्या गाद्या, टीकचा नवा डेक, संपूर्ण बोटीला महागडा रंग: यांतलं काहीही विकण्यासाठी म्हणून करू नका. घेणाऱ्याची आवड वेगळी असते, आणि ताज्या रंगाखाली काय झाकलंय हा प्रश्न तुम्हीच त्याच्या डोक्यात घालता. निस्तेज जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, पॉलिश करून मेण लावला की बाहेरून तेवढं पुरतं.

आणि दोष आधी सांगा. जाहिरातीतच. तळावर ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरून आलेले, फोड आहेत, सुकाणू जरा खेळतं, मुख्य शीड ताणून सैल झालंय, जे आहे ते फोटोसकट. काही लोक फोनच करणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यांना ती बोट घ्यायचीच नव्हती. जो येईल तो माहीत असून येईल. याचा खरा उपयोग सर्व्हेनंतर होतो. जुन्या बोटीचा सर्व्हे रिपोर्ट लांबलचक असतो आणि ग्राहक तो हातात धरूनच किंमत पाडायला बसतो. जे दोष तुम्ही आधी लिहून दिले होते ते किमतीत धरलेलेच आहेत, हे तुम्ही शांतपणे दाखवू शकता. नव्याने काही निघालं, विशेषतः कील (बोटीखालचा वजनदार कणा) आणि तळाच्या सांध्यावरची चीर किंवा कीलचे बोल्ट यांच्याबद्दल, तर मात्र ताणून धरू नका. ती शंका रास्त आहे आणि तिचे पैसे सोडायला हवेत.

किंमत ठरवताना इतरांच्या जाहिरातींतले आकडे पाहून हुरळून जाऊ नये. ते मागितलेले आकडे असतात, मिळालेले नव्हेत. वर्षभर टिकून असलेली जाहिरात म्हणजे त्या किमतीला बोट गेली नाही याचाच पुरावा. बर्थचं भाडं आणि विमा दर महिन्याला चालूच राहतो. चढ्या किमतीवर अडून बसून मिळालेले जास्तीचे पैसे त्यातच संपलेले मी बरेचदा पाहिले आहेत.

काहीजण वैतागून बोट फुकट देऊन टाकायला निघतात. तसं करायचं तर घेणाऱ्याला ती पाण्यावर ठेवायचा खर्च झेपतो का, हे आधी पाहा. नाहीतर ती कुठेतरी बेवारस पडते आणि विल्हेवाटीचं बिल घेऊन लोक नोंदणीतल्या जुन्या मालकाच्या दारात येतात. बोट विका किंवा द्या, विक्रीपत्रावर दोघांच्या सह्या, हल क्रमांक (बोटीचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि तारीख हवी. मागच्या मालकांपासूनची विक्रीपत्रं आणि बोटीवर कर्ज नसल्याचा कागद सोबत द्या, नोंदणी बदलल्याचा पुरावा स्वतःकडे ठेवा. रेडिओला जोडलेला, बोटीची ओळख सांगणारा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांकही नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायला सांगा, नाहीतर त्याने संकटात मदत मागितली की बचाव पथकाचा फोन तुमच्या घरी येईल.