माझी हजेरी

१९८६ च्या दहावीच्या बॅचमधल्या कुणालाही विचारा, वर्गात बसून गैरहजर पडणारा मुलगा कोण, तर माझंच नाव सांगतील. मी तोतरा. हजेरी सुरू झाली की माझा नंबर यायच्या आतच घशाला कोरड पडायची. नाव पुकारलं जायचं, मी ‘हजर’ म्हणायला तोंड उघडायचो, ‘ह’ तिथंच अडकायचा आणि तोवर पुढचा नंबर निघून गेलेला असायचा. शेवटी माझ्या बाकावरचा दोस्तच माझीही हजेरी द्यायला लागला. तो कोल्हापुरातल्या गंगावेशीकडचा, पहाटे तालमीत जाऊन शाळेत येणारा. त्याचा ‘हजर सर’ मैदानापर्यंत ऐकू जायचा. सरांना काय ते कळत होतंच, पण कुणी कधी आक्षेप घेतला नाही. आपल्या शाळेचं मला आवडतं ते हेच.

आम्ही ख्रिस्ती. वर्गात आमच्यातली दोन-तीनच मुलं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. नाताळात माझ्या डब्यातल्या करंज्या मधल्या सुट्टीच्या आधीच गडप व्हायच्या, एवढाच काय तो फरक. रविवारी आम्ही वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये भक्तीला जायचो. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं हे चर्च. तिथं स्तोत्र वाचताना एक ओळ पाळकसाहेबांची, पुढची सगळ्या मंडळीची. त्यात मी कधी अडखळलो नाही. ना. वा. टिळकांची भजनं गाताना तर नाहीच नाही. मला लहानपणी खरंच वाटायचं, की देव माझी जीभ चर्चच्या फाटकात सोडतो आणि परत जाताना बांधून टाकतो. राग यायचा. सोडायचीच, तर सोमवारी वर्गात का नाही?

पुढे नर्सिंगला गेल्यावर कळलं, की बहुतेक तोतऱ्या माणसांचं असंच असतं. एकट्यानं बोलताना अडकणारा माणूस दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून वाचायला लागला की सहसा अडखळत नाही, आणि गाताना तर जवळजवळ नाहीच. म्हणजे तो काही चमत्कार नव्हता. पण हे कळून माझी श्रद्धा कमी झाली नाही, उलट एक गोष्ट उलगडली. ती गोष्ट बायबलातल्या मोशेची.

संडे स्कूलमध्ये मोशे आम्हाला लाल समुद्राच्या काठावर काठी उगारून उभा असा शिकवला होता. पण त्याच्या आधीची हकिगत मी नववीत स्वतः नीट वाचली आणि हसूच आलं. देव त्याला म्हणतो, जा, माझ्या लोकांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सोडवून आण. आणि हा गडी सबबीवर सबब काढतो. मी कोण असा मोठा? तुझं नाव काय सांगू? लोकांनी विश्वास नाही ठेवला तर? मग खरं दुखणं बाहेर येतं: मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. तेही चालेना तेव्हा सरळ म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव बाबा. इथं देव रागावतो. पण रागावूनही तो मोशेची जीभ काही सैल करत नाही. म्हणतो, तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला निघालेलाच आहे, तो बोलेल, आणि मी तुम्हा दोघांबरोबर असेन. ‘भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे’ हे पवित्र शास्त्रात पुन्हा पुन्हा येतं. भीती घालवून टाकतो असं त्यात नसतं, सोबत येतो असं असतं. आयुष्यभर हिंमत म्हणून मी जे काही वापरलं ते एवढंच.

त्याच नववीच्या वर्षी मराठीच्या तासाला धडा वाचायची पाळी माझ्यावर आली. मी उभा राहिलो. पहिलाच शब्द ‘पावसाळ्यात’. ‘प’ काही सुटेना. मागं कुणीतरी फिसकन हसलं. सर वारकरी, गळ्यात तुळशीची माळ, आवाज कीर्तनकाराचा. ते पुस्तक घेऊन माझ्या बाकापाशी आले, माझ्याकडे न बघता शेजारी उभे राहिले आणि हलक्या आवाजात तोच शब्द त्यांनी सुरू केला. मी त्यांच्या आवाजाला धरून निघालो. अख्खा परिच्छेद झाला. दोन-चार वाक्यांनंतर ते आवाज कमी करत होते, मी अडकलो की पुन्हा सामील होत होते. सायकल शिकवताना मागून कॅरिअर धरतात तसं. वर्षभर त्यांनी हे केलं, आणि एकदाही ‘शाबास’ म्हणाले नाहीत. त्याबद्दल त्यांचे विशेष आभार, कारण त्या शब्दानं सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा.

दहावीच्या सुट्टीत आजी मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. घरी झोपवून ठेवली तर पंधरवड्यात माकडहाडापाशी जखम झाली. मग मिरजेला नेली, वॉनलेस हॉस्पिटलात. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत आजारी माणूस म्हटलं की मिरज. कॅनडात जन्मलेल्या डॉक्टर विल्यम वॉनलेसनी १८९४ साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल. तिथं रात्री आजीपाशी मी बसायचो. दर दोन तासांनी एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, यायचे, आजीला कुशीवर वळवायचे, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, टाचा अंथरुणाला टेकू द्यायच्या नाहीत. खालच्या चादरीला एक सुरकुती ठेवायची नाही. मग पाठीवर लाल दिसणाऱ्या जागी बोटानं दाबून बघायचे. दाबल्यावर पांढरी पडली तर ठीक, लालच राहिली तर तिथली कातडी धोक्यात. तिसऱ्या रात्री त्यांनी मला हाक मारली, ‘इकडं ये, हात लाव.’ आजीचं वजन माझ्या दोन्ही हातांवर आलं आणि ती कण्हली नाही. मला त्या क्षणी काही आवाज-बिवाज ऐकू आला नाही. पण काय करायचं ते ठरलं, आणि पुन्हा बदललं नाही.

बाबांना सांगायला बारावी उजाडली. बाबा शिवाजी उद्यमनगरात लेथवर टर्नर. त्यांनी माझ्यासाठी शेठजींकडे शब्द टाकून ठेवला होता. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, ‘पोरा, लेथला बोलावं लागत नाही.’ त्यांनी माझ्यासाठी किती विचार करून जागा शोधली होती ते मला तेव्हा कळलं. मशिनच्या आवाजात कुणीच कुणाशी बोलत नाही. मायक्रोमीटर बघायचा, जॉब काढायचा, घरी यायचं. तिथं मला कुणी हसणार नव्हतं. विरोधाशी भांडता येतं, असल्या मायेशी कसं भांडायचं? बाहेरचे टोमणे त्यापुढं काहीच नव्हते. ‘सिस्टर हुणार व्हय रं?’ हे मी कोल्हापूरभर ऐकलं. चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी तर, देवाची सेवाच करायची तर पाळक हो, ही कसली सेवा, असंही सुनावलं. पाय धुणं हे येशूनं, गुरू असून, शिष्यांसाठी केलेलं काम आहे, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असणार.

मी बाबांना काही पटवू शकलो नाही. रात्री आईनं शास्त्र उघडलं आणि आम्ही तिघांनी मिळून स्तोत्र वाचलं, नेहमीसारखं. मी अडखळलो नाही. बाबा बराच वेळ बसून राहिले. सकाळी त्यांनी गाडीभाड्याचे पैसे काढून ठेवले होते.

मुलाखतीला बाकावरचा दोस्त बरोबर आला. कोल्हापूर-मिरज पॅसेंजर. रुकडी येईपर्यंत तो माझ्याकडून उत्तरं घोटून घेत होता, हातकणंगल्याला कंटाळला आणि जयसिंगपूरला घोरत होता. आत गेल्यावर पहिला प्रश्न, नर्सिंग का? मी घोटलेलं उत्तर सुरू केलं आणि पहिल्याच अक्षरावर अडकलो. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती, दारच अडवून उभा होता पठ्ठ्या. त्या पाठीकडे बघत मी म्हणालो, ‘आ...आजीला वळवलं होतं.’ समोरच्या बाई थांबल्या. घाई केली नाही त्यांनी. मला उरलेलं सांगायला चांगला वेळ लागला, पण सांगितलं.

नोकरी मी पुढे कोल्हापुरातच केली. मेडिकल वॉर्डात लकव्याचे पेशंट खूप असतात. ज्यांची उजवी बाजू जाते त्यांची बऱ्याचदा वाचाही जाते. त्यांतल्या बऱ्याच जणांना कळत असतं, शब्द मात्र फुटत नाही. अशा माणसाच्या डोळ्यांत जे दिसतं ते मला ओळखीचं होतं. पाठ असलेलं गाणं किंवा अभंग मात्र त्यांतल्या काहींना म्हणता येतो, साधं ‘पाणी’ म्हणता येत नसताना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, बदलीचा स्टाफ पोचेना आणि आम्ही होतो ते वॉर्डातच राहिलो. त्यात चिखलीकडचे एक आजोबा होते, लकव्यानं वाचा गेलेले. घर पाण्यात, मुलगा कुठल्या छावणीत ते माहीत नाही, आणि विचारताही येत नाही. कपाळावर बुक्का नव्हता, पण गळ्यात माळ होती. रात्री त्यांना कूस देताना मी मराठीच्या सरांकडून ऐकून पाठ झालेला हरिपाठ हळू आवाजात सुरू केला. चाल बरोबर होती की नाही कोण जाणे. दुसऱ्या ओळीला आजोबांचे ओठ हलले आणि तिसरीला आवाज आला. मीही त्यांच्याबरोबर म्हणत होतो, त्यामुळे मीही अडखळलो नाही. शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ उठून बसले. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी सांगितलं आणि पुढे स्पीच थेरपीला त्याचा उपयोग झाला. हा हरिपाठ ख्रिस्ती ब्रदरनं म्हटला, याची गंमत आजोबांच्या मुलाला वाटली. आजोबांना नाही.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. हा लेख त्यांना वाचून दाखवायला गेलो होतो. त्यांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि ‘आभार’वाली ओळ काढायला सांगितली. ती मी काढलेली नाही.

शाळेच्या ऑफिसात माझा नंबर देऊन ठेवला आहे. नर्सिंगला जायचं मनात असलेल्या मुलामुलींनी, मुलांनी तर जरूरच, फोन करावा. कोर्स, फी, वसतिगृह, सगळं सांगेन. उचलल्यावर पलीकडून लगेच आवाज आला नाही तर फोन ठेवू नका. मी आहे तिथंच.